गॅरेजच्या कोब्यावर इपॉक्सी: थर टिकतो कशावर?

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजमध्ये जमिनीला ऑइल पेंट मारला की वर्षभरात ठरलेले चित्र दिसते. भिंतीकडेचा रंग शाबूत असतो, मधला भागही बरा असतो; पण चाके जिथे उभी राहतात तिथे, बरोबर चार जागी, रंग उचलला जाऊन कोबा उघडा पडतो. तोच रंग खिडकीच्या ग्रिलवर ऊन-पाऊस सोसून वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे दोष रंगाचा नव्हे, त्याला ज्या जागी बसवले त्या जागेचा.

जागेची पहिली अडचण रासायनिक आहे. सिमेंटच्या कोब्यात विरलेला चुना असतो. ओल मिळाली की हा चुना ऑइल पेंटमधल्या तेलाशी प्रक्रिया करतो आणि त्याचा साबण करून टाकतो. अलंकारिक अर्थाने नव्हे, खराच साबण. तेल आणि अल्कली एकत्र आणून साबण बनवण्याची कृती हीच आहे. रंग वरून चांगला दिसत असतो आणि खालून सुटत असतो.

दुसरी अडचण टायरची. हायवेवरून आलेल्या गाडीचे टायर हाताला चटका बसेल इतके तापलेले असतात. त्या उष्णतेने रंग मऊ पडतो, रबरातली तेलकट द्रव्ये त्यात झिरपतात आणि टायर रंगाला चिकटतो. रात्रभरात टायर निवतो, किंचित आक्रसतो आणि रंगाला ताण देतो. सकाळी गाडी हलली की कमजोर झालेला तुकडा टायरबरोबर वर येतो.

इपॉक्सीचा थर या दोन्ही अडचणींना पुरून उरतो, पण अटींवर. त्या अटी पाळल्या नाहीत तर महागडे इपॉक्सीही त्याच चार जागी उखडते, आणि तेव्हा नुकसान ऑइल पेंटपेक्षा बरेच मोठे असते. कमी खर्चात काम करायचे तर पैसा कुठे वाचतो आणि कुठे वाचवू नये हे आधी समजायला हवे, आणि त्यासाठी इपॉक्सी म्हणजे काय ते पाहायला हवे.

दोन डबे, एक थर

साधा रंग वाळतो म्हणजे त्यातले थिनर किंवा पाणी उडून जाते, आणि ऑइल पेंटच्या बाबतीत तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. इपॉक्सी असे वाळत नाही, ते ‘पकते’. एका डब्यात रेझिन असते, दुसऱ्यात हार्डनर. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंचे कडे असते. तीनच अणूंना कड्यात वाकून बसावे लागत असल्याने ते सतत ताणलेले असते आणि संधी मिळाली की उघडते. ती संधी हार्डनरमधले अमाइन देते. कडे उघडते आणि तिथे अमाइन कायमचे जोडले जाते. एक अमाइन रेणू अनेक कडी उघडू शकतो, त्यामुळे लांबच लांब दोऱ्या न होता सगळीकडून गाठी पडलेले जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही. टायरच्या उष्णतेने ते जरासे नरमते, पण ऑइल पेंटसारखे चिकट होत नाही, आणि साबण होण्यासारखे तेल त्यात नसतेच.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हे रसायनतज्ज्ञ कवळ्यांसाठी चांगला पदार्थ शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती आले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांचे कामही साधारण त्याच काळातले. भारतातल्या घरांत फुटलेली बशी जोडायला वापरली जाणारी अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबांची जोडी याच घराण्यातली.

जाळे विणले जाताना उष्णता बाहेर पडते, आणि नवशिक्याची फजिती इथेच होते. पातेल्यातला भात तासभर वाफाळत राहतो, पण परातीत पसरला की लगेच निवतो. मिसळलेल्या इपॉक्सीचे तसेच आहे. बादलीत ठेवले तर आतली उष्णता आतच कोंडते, प्रक्रिया आणखी वेगाने होते, आणखी उष्णता निघते. शेवटी बादलीतून धूर येऊन माल दगड होतो. तोच माल जमिनीवर ओतून पसरला की उष्णता निघून जाते आणि काम करायला पुरेसा वेळ मिळतो. मिसळल्यानंतर माल वापरण्याजोगा राहतो त्या वेळेला ‘पॉट लाइफ’ म्हणतात. २५ ते ३० अंश तापमानाला ती बहुधा अर्ध्या-पाऊण तासाची असते. तापमान १० अंशांनी वाढले की ती अंदाजे निम्मी होते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हे काम काढणाऱ्याने बादलीवर लक्ष ठेवावे.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असते. हार्डनर जास्त घातला की लवकर पकते, हा रंगाऱ्यांमध्ये नेहमी आढळणारा समज चुकीचा आहे. जाळ्यात जागा न मिळालेला हार्डनर मोकळाच राहतो आणि थर कायमचा चिकट किंवा ठिसूळ होतो. प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, हेही वाचावे. दोन्ही सारखे नसते.

कोब्याच्या पोटातली ओल

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांच्या तळमजल्याची जमीन मुरमाचा भराव, त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर पीसीसी (साधे काँक्रीट) आणि वर कोबा अशी केलेली असते. भिंतींखाली ओल अडवणारा थर असतो. जमिनीखाली प्लास्टिकचा कागद मात्र क्वचितच घातलेला असतो. पावसाळ्यात खालची माती भिजली की पाणी वाफेच्या रूपाने कोब्यातल्या बारीक छिद्रांतून वर येत राहते. कोबा उघडा असला तर ही वाफ हवेत उडून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. इपॉक्सी लावणे म्हणजे त्या वाफेची वाट बंद करणे. मग तिचा दाब थराखाली साठतो, बोटाएवढे फोड येतात, आणि फोड फोडला तर आतून पाणी निघते.

ही ओल तपासायला पैसा लागत नाही. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवाव्यात आणि निदान सोळा तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत, तसाच ठेवावा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा काळपट झालेला दिसला तर ओल आहे. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः बागेकडच्या किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीजवळ, चाचणी करावी.

चाचणी कधी करायची हेही महत्त्वाचे. एप्रिल-मेमध्ये कोकणातलाही कोबा कोरडा निघतो, आणि त्यावर विश्वास ठेवून केलेले काम श्रावणात फुगते. सप्टेंबरअखेरीस, जमीन पुरती भिजलेली असताना जो कोबा या परीक्षेत उतरतो तोच खरा. भिंतीच्या तळाशी लोणा फुटलेला असेल तर चाचणीचीही गरज नाही; पाणी वर येत आहे हे त्याने आधीच सांगितलेले असते.

नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस थांबावे. तेवढ्यात सिमेंटची ताकद बऱ्यापैकी भरते; पण आतले पाणी निघून जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून प्लास्टिकची चाचणी नव्या कोब्यालाही चुकत नाही.

घोटाई: गवंड्याचे कौशल्य, इपॉक्सीची अडचण

आपल्याकडे चांगला कोबा म्हणजे घोटलेला कोबा. गवंडी वर कोरडे सिमेंट भुरभुरवतो, थापीने घोटून घोटून चकचकीत करतो, आणि घरमालक खूश होतो. घोटताना पाणी आणि बारीक सिमेंट वर येते व पृष्ठभागावर एक पातळ, गुळगुळीत थर बसतो. त्यातला वरचा भाग बऱ्याचदा पिठूळ आणि दुबळा असतो. शिवाय छिद्रे बुजल्यामुळे इपॉक्सीला आत शिरायला जागा उरत नाही. इपॉक्सी कोब्यावर नुसते चिकटत नाही. ते छिद्रांत उतरते, तिथे पकते आणि मुळे धरते. छिद्रे बंद असतील तर मुळे धरणार कुठे?

आधीचा एखादा थर उखडला असेल तर त्याचा तुकडा उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीला करडी पूड चिकटलेली असेल तर थराने पकड घेतली होती, पण कोब्याचा वरचा पापुद्राच सुटला. पाठ गुळगुळीत, चकचकीत असेल तर थर कोब्यात शिरलाच नव्हता. पाठ ओलसर असेल किंवा तिच्यावर पांढरे क्षार दिसत असतील तर दोष ओलीचा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि नवा डबा आणणे हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही.

कोबा उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अ‍ॅसिडचा. बाथरूमच्या फरशीसाठी मिळणारे अ‍ॅसिड पाण्यात मिसळून टाकले की ते सिमेंटचा वरचा अंश विरघळवते. हा मार्ग स्वस्त आहे, पण त्याची शिफारस करावीशी वाटत नाही. वाफा नाकातोंडाला आणि डोळ्यांना झोंबतात, बंद गॅरेजमध्ये ठेवलेली अवजारे गंजतात, उरलेले अ‍ॅसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने मारून वारंवार धुवावे लागते आणि कोबा पुन्हा ओला होतो. जिथे तेल सांडले आहे तिथे तर अ‍ॅसिड पोहोचतच नाही. तरीही वापरायचे झाले तर अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे. आणि ब्लीचिंग पावडर जवळपासही नसावी, कारण दोन्हींच्या संपर्कातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

दुसरा मार्ग घासण्याचा. हातातल्या ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून एका गाडीची जागा सावकाश, दिवसभरात खरवडता येते. जमीन घासण्याचे मोठे यंत्र दिवसाच्या भाड्याने मिळाले तर काम लवकर आणि सारखे होते. धूळ मात्र भयंकर उडते आणि तिच्यातली सिलिका फुफ्फुसांना घातक असते. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क आणि गॉगल लागतोच. हात फिरवल्यावर मध्यम पॉलिश पेपरइतका खरखरीतपणा सगळीकडे जाणवला की पुरे. मग झाडून, व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावे.

तेलाचे डाग खरवडण्याआधी काढावेत, नाहीतर ग्राइंडरचे चाक ते तेल सगळीकडे फासत जाते. ताज्या डागावर भुसा किंवा कोरडे सिमेंट टाकून रात्रभर ठेवावे. जुना डाग गरम पाणी, डिटर्जंट आणि ताठ ब्रशने दोन-तीनदा घासावा. शेवटी जागोजागी पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब मिनिटभरात पसरून मुरला तर जमीन तयार आहे. मोत्यासारखा टपोरा उभा राहिला तर तिथे अजून तेल किंवा घोटाईचा थर शिल्लक आहे.

तडे असतील तर त्यांचे तोंड ग्राइंडरने थोडे रुंद करून, धूळ काढून इपॉक्सी आणि बारीक क्वार्ट्झ वाळूच्या लगद्याने भरावेत. दर पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आक्रसणाऱ्या काळ्या मातीवरचा, दरवर्षी रुंद होणारा तडा मात्र भरून उपयोग नाही. तो थरासकट पुन्हा फाटतो.

चौकट: किती माल लागेल?

एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर त्याची जाडी एक मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन होते. तोच १० चौरस मीटरवर पसरला तर १०० मायक्रॉन.

१० फूट × १८ फूट जागा = १८० चौरस फूट, म्हणजे सुमारे १६.७ चौरस मीटर.

प्रायमर, एक हात: सुमारे २ लिटर (कोबा जितका सच्छिद्र, तितका जास्त).

इपॉक्सी, दोन हात मिळून २५० मायक्रॉन: १६.७ × ०.२५ = ४.२ लिटर, नासाडी धरून पावणेपाच लिटर.

कारखान्यांत ओततात तसा २ मिलिमीटरचा ‘सेल्फ लेव्हलिंग’ थर: ३३ लिटरांहून जास्त.

पैसा कुठे वाचतो

चौकटीतल्या शेवटच्या दोन आकड्यांतच स्वस्ताईचे बरेचसे उत्तर आहे. ठेकेदार इपॉक्सी फ्लोअरिंगचा दर सांगतो तेव्हा अनेकदा तो दोन किंवा तीन मिलिमीटरच्या ओतीव थराचा असतो. औषधांच्या कारखान्यात किंवा गोदामात, जिथे दिवसभर ट्रॉल्या फिरतात, तिथे तो हवाच. घरातल्या एका गाडीला रोलरने मारलेले दोन हात पुरतात. माल सहा-सात पटींनी कमी लागतो. शिवाय गॅरेजच्या जमिनीला पाणी निघून जाण्यासाठी उतार असतो. त्यावर पातळ ओतीव माल उताराकडे वाहत जातो.

दुसरी बचत मजुरीची. खरवडणे, धुणे, डाग काढणे यांत कष्ट आहेत, कसब फारसे नाही. हा भाग घरच्या माणसांनी दोन सुट्ट्यांत उरकला तर खर्चातला मोठा वाटा कमी होतो.

डब्यात मात्र स्वस्ताई शोधू नये. निदान हिशोब नीट करावा. पाण्यात मिसळणारी इपॉक्सी दिसायला स्वस्त असतात, पण त्यांच्यातला साधारण निम्मा भाग पाणी असू शकतो आणि ते उडून जाते. डब्यावर ‘सॉलिड्स बाय व्हॉल्यूम’ म्हणून जो टक्का असतो, तेवढाच माल जमिनीवर शिल्लक राहतो. पाच लिटरच्या डब्यात ५० टक्के घन भाग असेल तर हाती अडीच लिटर लागतात. म्हणून डब्याची किंमत लिटरने न भागता घन भागाच्या लिटरने भागावी. निम्म्या घन भागाचा डबा शंभर टक्केवाल्याच्या तीन चतुर्थांश किमतीला मिळत असेल तर तो स्वस्त नाही, दीडपट महाग आहे. टायर सर्वांत आधी उचलतात तेही असेच पातळ थर.

प्रायमर वगळणे ही आणखी एक खोटी बचत. प्रायमर पातळ असल्यामुळे छिद्रांत खोल जातो आणि ती बुजवतो. तो नसला तर वरचा दाट माल छिद्रांच्या तोंडावरच राहतो, आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि थरावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके उरतात. रंगीत फ्लेक्स, धातूसारखी चमक, आरशासारखा वरचा हात, हे सगळे खुशाल वगळावे.

मिसळणे आणि मारणे

जमीन १० अंशांहून थंड असेल तर बहुतेक इपॉक्सी पकायचे जवळपास थांबते. नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा तिथपर्यंत उतरतो. हवा फार दमट असेल तर वेगळीच भानगड होते. पृष्ठभागावरचे अमाइन रेझिनशी जुळण्याआधी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते व वर मेणचट, पांढुरका थर येतो. हा थर कोमट साबणपाण्याने न काढता दुसरा हात मारला तर तो सुटून येतो. एकंदरीत दिवाळी झाल्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा कोरडा काळ महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सोयीचा. थंडी कडक असेल तर सूर्य वर आल्यावर, ऊन तापले असेल तर दुपार उतरणीला लागल्यावर काम सुरू करावे. कोबा निवत असताना छिद्रांतली हवा आक्रसते आणि माल आत ओढला जातो; तापत असताना तीच हवा बुडबुडे काढते.

एका वेळी सगळा माल मिसळू नये. दीड-दोन लिटरचा घाणा पुरे. आधी रंगीत रेझिन एकट्याने ढवळावे, कारण रंग तळाशी बसलेला असतो. मग मोजून हार्डनर घालून ड्रिलला पाते लावून कमी वेगात तीन मिनिटे फिरवावे, कडा आणि तळ खरवडत राहावे. त्यानंतर माल दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळावा. पहिल्या बादलीच्या भिंतींना लागलेला माल नीट मिसळलेला नसतो. तो निथळून जमिनीवर घेतला की तिथे महिन्यानंतरही बोट चिकटते. मिसळलेला माल लगेच जमिनीवर ओतावा आणि आतल्या भिंतीकडून दाराकडे येत, कडांना ब्रशने आणि मध्ये आखूड लवेच्या रोलरने पसरावा.

गुळगुळीत इपॉक्सीवर पाणी पडले की पाय सटकतो, आणि पावसाळ्यात गाडीबरोबर पाणी येणारच. पहिला हात ओला असतानाच त्यावर धुतलेली, कोरडी क्वार्ट्झ वाळू विरळ भुरभुरवावी. पकल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात मारावा. नदीची वाळू किंवा क्रश सँड यासाठी नको. त्यांतली माती आणि पूड पकड घालवते. दोन हातांमधले अंतर डब्यावर लिहिलेले असते, बहुधा चोवीस तासांच्या आतले. ते उलटून गेले तर पहिला हात इतका पकतो की दुसऱ्याशी रासायनिक जोड होत नाही. मग पॉलिश पेपरने घासूनच पुढे जावे.

हार्डनर त्वचेला वारंवार लागला तर कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे शेवटपर्यंत काढू नयेत. उरलेला मिसळलेला माल झाकण लावून ठेवू नये. उघड्या जागी पसरून कडक होऊ द्यावा. गटारात तर मुळीच ओतू नये.

चोवीस तासांनी अनवाणी चालता येते. गाडी मात्र सात दिवस बाहेर ठेवावी. थर हाताला कडक लागत असला तरी जाळ्याच्या गाठी अजून पडत असतात, आणि अर्धवट पकलेल्या थरावर तापलेले टायर उभे राहिले तर वर्षभराने दिसायचे चित्र आठवड्यात दिसते.

जिथे इपॉक्सी नको

समोरून उघड्या पोर्चमध्ये जिथे रोज ऊन पडते तिथे इपॉक्सी पिवळे पडते आणि पुढे खडूसारखी पूड सोडते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याचे जाळे वरून तोडत जातात. पकड जात नाही, पण शोभा जाते. तिथे शेवटचा हात अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा मारावा लागतो आणि खर्च वाढतो. चकचकीत टाइल्स बसवलेल्या असतील तर झिलई पूर्ण घासल्याशिवाय इपॉक्सीचा विचार करू नये. बहुतेक वेळा टाइल्स तशाच राहू देणे शहाणपणाचे.

कोबा नुसता पूड सोडत असेल आणि रंगाचा सोस नसेल तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण पुरते. ते कोब्यातल्या चुन्याशी जुळून आतूनच कडकपणा आणते, वर थर बनवत नाही, त्यामुळे उखडण्यासारखे काही नसते आणि वाफेची वाटही खुली राहते. आणि सप्टेंबरच्या चाचणीत प्लास्टिकखाली थेंब दिसले तर पैसे इपॉक्सीच्या डब्यावर न घालता पार्किंग टाइल्सवर घालावेत.